उपाशी घोड्याची चंदी

भारतातील घोड्यांची संख्या गेल्या दीड-दोन दशकांत झपाट्याने घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होते, तर २०१९ च्या गणनेत ती संख्या सुमारे ३ लाख ४० हजारांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आली. संख्या घटली की हेळसांडही घटेल असा तर्क वरवर पाहता बरोबर वाटतो, परंतु प्रत्यक्षात घोड्याची उपयुक्तता आणि घोड्याचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही, आणि हेळसांडीचा प्रश्न नेमका या न बसणाऱ्या मेळातून उभा राहतो. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो; त्याच्या पाठीवरची किंवा गाडीपुढची कमाई मात्र त्यातील दहा-बारा वर्षेच चालते, आणि उरलेली वर्षे तो कोणाच्या दावणीला काढणार याचा विचार त्याला विकत घेताना सहसा कोणी केलेला नसतो. शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेला घोडा रपेट शिकवणाऱ्या संस्थेत जातो, तेथून पर्यटनस्थळी किंवा चौपाटीवर, तेथून वरातीला, आणि दर खेपेस मालक बदलताना त्याची किंमत उतरते, वय वाढते आणि वैरणीचा दर्जा खालावतो. सगळेच घोडे ही उतरंड अशा क्रमाने उतरतात असे नाही, पण तिची दिशा मात्र क्वचितच उलटी असते.

हेळसांड आणि क्रौर्य या दोन गोष्टी येथे वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. चाबकाने फोडून काढणे, काटेरी लगाम घालणे किंवा लंगड्या जनावरावर ओझे लादणे हे क्रौर्य होय. ते डोळ्यांना दिसते, त्याविषयी संताप येतो आणि तक्रारही होते. हेळसांड म्हणजे जे करायला हवे ते न करणे: पुरेशी वैरण न देणे, पाणी वेळेवर न दाखवणे, खूर न छाटणे, दात न तपासणे, जखमेकडे दुर्लक्ष करणे. तिच्यामागे दुष्टावा असतोच असे नाही; बहुधा असते ते अज्ञान आणि ओढग्रस्त संसार. महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर वरातीच्या घोड्याचे घेता येईल. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे मालकाची मिळकत चार महिने आटते, मात्र घोड्याची भूक मुहूर्त पाहत नाही. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे मोटारींना बंदी असल्याने घोडा हे आजही वाहतुकीचे खरेखुरे साधन आहे, तेथेही पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते आणि पर्यटक रोडावतात. अशा महिन्यांत प्रथम चंदी बंद होते, मग नालबंदाची फेरी लांबते, मग सुक्या वैरणीच्या पेंढ्या मोजून टाकल्या जातात, आणि घोडा दररोज थोडाथोडा वाळत गेल्यामुळे त्याला रोज पाहणाऱ्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही.

घोडा किती खंगला आहे हे ठरवण्यासाठी पशुवैद्यकांना नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. उपासमार झालेल्या घोड्याचे पोट पुष्कळदा सुटलेले दिसते, कारण निकस, चोथट चारा आणि जंत यांमुळे ते फुगते. थंडीत वाढलेले दाट केसही फासळ्या झाकतात. म्हणून अमेरिकेतील टेक्सास येथे डॉन हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरस्थितीला गुण देण्याची एक पद्धत तयार केली, जी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेक देशांत रूढ झाली. तिच्यात घोड्याच्या अंगावरील सहा जागा हाताने चाचपून पाहतात: मान, खांद्यांच्या मधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, फासळ्या, पाठीचा कणा आणि शेपटीचे मूळ. या ठिकाणी कातडीखाली चरबी किती आहे यावरून एक ते नऊ असे गुण दिले जातात; पाच हा समतोल घोडा, नऊ म्हणजे अतिस्थूल, आणि एक म्हणजे ज्याच्या अंगावर चरबीचा अंशही हाताला लागत नाही, ज्याचे मणके, फासळ्या व माकडहाडे कातडीतून वर आलेली असतात असा घोडा. या गुणांचा दुसराही उपयोग असतो. जनावर ताब्यात घेतल्याच्या दिवशीचा गुण, छायाचित्रे आणि छातीच्या घेरावरून काढलेले अंदाजी वजन यांची नोंद झाली, तर पुढे न्यायालयात ‘मुळातच बारीक अंगाचा होता’ हा मालकाचा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

यापुढचा टप्पा सर्वांत नाजूक असतो आणि चांगल्या हेतूने होणारी सर्वांत घातक चूकही तेथेच होते. हाडांचा सापळा झालेला घोडा समोर आला की पाहणाऱ्याचा हात आपोआप चंदीकडे वळतो. चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक: भिजवलेला हरभरा, भरडा, कोंडा, कधी गूळ. तोबरा भरून ही चंदी त्या घोड्याच्या तोंडाला बांधावी, तो दोन दिवस हावरटपणे खाताना पाहून समाधान वाटावे, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास तो कोसळून मरावा, असे पूर्वी अनेकदा घडत असे आणि जेथे माहिती नाही तेथे अजूनही घडते. मरण उपासमारीनेच आले असे समजले जाते, पण खरे कारण भरलेला तोबरा असतो.

याची कारणमीमांसा समजून घेण्यासारखी आहे. अन्न मिळेनासे झाले की शरीर प्रथम साठवलेली साखर, मग चरबी आणि शेवटी स्वतःचे स्नायू जाळू लागते, आणि हृदयही स्नायूच असल्यामुळे तेही या झिजेतून सुटत नाही. या काळात पेशींच्या आतले फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम हे क्षार हळूहळू संपत जातात, मात्र रक्तातील त्यांचे प्रमाण बराच काळ ठीक राहते, त्यामुळे रक्ततपासणीत धोका दिसेलच असे नाही. अशा अवस्थेत पिष्टमय दाणा पोटात गेला की रक्तातील साखर एकाएकी वाढते, तिला पेशींत ढकलण्यासाठी इन्सुलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर स्रवते, आणि साखरेबरोबर रक्तातले तेच क्षारही पेशींत ओढले जातात. रक्त त्यांना अचानक मुकते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वसनाचे स्नायू थकतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. वैद्यकात या अवस्थेला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात; मराठीत तिला पुनराहार-विकार म्हणता येईल. माणसांमध्ये ती ठळकपणे नोंदली गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, उपासमारीतून सुटलेले युद्धकैदी भरपेट जेवण मिळाल्यावर दगावू लागले तेव्हा. लांबच्या उपासानंतर पारणे हलक्या अन्नाने करावे, हा जुन्या घरांतला दंडक याच अनुभवाच्या जवळचा आहे.

घोड्याच्या बाबतीत पचनसंस्थेची रचना ही आणखी एक अडचण असते. गाय-बैलांप्रमाणे तो रवंथ करत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरांचे असते, आणि तंतुमय चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात, तेथे वसलेल्या सूक्ष्मजीवांकडून होते. निसर्गतः तो दिवसाचे चौदा-सोळा तास थोडेथोडे चरणारा प्राणी आहे आणि त्याला ओकारी काढता येत नाही. एकदम भरपूर दाणा खाल्ला तर न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात, विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, आणि पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतील नाजूक पडद्यांना दाह होतो. हा दुसरा विकार लॅमिनायटिस या नावाने ओळखला जातो. त्यात खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणारी पकड सुटत जाते, आणि एकदा हाड खाली सरकले की घोडा आयुष्यभरासाठी अपंग होऊ शकतो.

मग द्यायचे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय विभागात उपासमार झालेल्या घोड्यांना ओटचा वाळवलेला चारा, तोच चारा आणि तयार खाद्य यांचे निम्मे-निम्मे मिश्रण, आणि वाळवलेले लसूणघास अशा तीन आहारांची तुलना केली गेली, तेव्हा लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरले. लसूणघास म्हणजे आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी शेतकरी लावतात तीच द्विदल वैरण. तिच्यात पिष्ट कमी, प्रथिने चांगल्या प्रतीची, आणि फॉस्फरस व मॅग्नेशियम पुरेसे असते, म्हणजे जे क्षार रक्तातून नाहीसे होण्याची भीती असते तेच ती पुरवते. त्या अभ्यासावरून ठरलेली पद्धत अशी की साधारण मोठ्या अंगाच्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, म्हणजे दिवसभरात तीन किलो वाळलेले लसूणघास द्यावे; चौथ्या दिवसापासून एका वेळची वैरण वाढवत आणि वेळांमधले अंतर लांबवत सहाव्या दिवसाच्या सुमारास दर आठ तासांनी दोन किलोपर्यंत यावे; दहा दिवसांनंतर त्याला हवी तेवढी वैरण मोकळी करावी, आणि दाणा मात्र वजन पुष्कळसे भरून येईपर्यंत दूरच ठेवावा. आपल्याकडील तट्टांचे वजन बरेच कमी असल्याने ही मापे पशुवैद्याने त्या प्रमाणात उतरवून द्यावी लागतात. पाणी स्वच्छ आणि सतत समोर असावे. रात्री बारा वाजता आणि पहाटे चार वाजता उठून अर्धा अर्धा किलो गवत टाकणे, आणि जनावर खिंकाळत, खूर आपटत आणखी मागत असताना ते न देणे, हे तोबरा भरण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे, आणि बचावकार्यातील खरे कौशल्य बहुतांशी त्यातच असते. गेलेले वजन परत यायला साधारण तीन ते पाच महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. ज्याचे निम्मे वजन घटले आहे, किंवा जो खाली बसल्यावर तीन दिवस उठूच शकलेला नाही, त्याच्या वाचण्याची आशा फार थोडी असते.

आहाराची घडी बसत असताना बाकीची कामेही क्रमाने हाती घ्यावी लागतात. नव्या घोड्याला प्रथम इतरांपासून दूर बांधतात, कारण ग्लँडर्ससारखा रोग त्याच्यासोबत येऊ शकतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण अशी त्याची लक्षणे असून तो माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. दीर्घकाळ दिसेनासा झालेला हा रोग २००६ मध्ये भारतात पुन्हा डोके वर काढून आला तो महाराष्ट्रातूनच, त्यामुळे येथील कोणत्याही आश्रयस्थानाला रक्ततपासणीशिवाय घोडा आत घेणे परवडणारे नाही. जंतांचे औषधही घाईने देऊन चालत नाही, कारण अशक्त घोड्याच्या आतड्यात मोठ्या संख्येने साठलेले जंत एकदम मेले तर आतड्याला सूज येऊन जीव जाऊ शकतो. दात हा दुर्लक्षिला जाणारा विषय. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत आणि झिजत राहतात, झीज असमान झाली की कडा सुरीसारख्या धारदार होतात, त्यांनी गाल व जीभ फाटते, आणि पुढे उत्तम वैरण असूनही घोडा अर्धवट चघळलेले बोळे तोंडातून टाकत उपाशी राहतो. कानशीने त्या कडा घासून दिल्या की काही आठवड्यांत फरक दिसतो.

घोड्यांच्या वैद्याला मराठीत साळोत्री म्हणत. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्यक आचार्याच्या नावावरून आलेला हा शब्द आता जवळजवळ लोपला आहे, आणि नालबंदाचा धंदाही त्याच वाटेने चालला आहे, ही बचावकार्याच्या दृष्टीने मोठीच उणीव होय. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो आणि सहा-आठ आठवड्यांनी तो छाटावा लागतो. वर्षभर न छाटलेला खूर पुढे लांबत, वाकत, कधी मोजडीच्या टोकासारखा वर वळतो, आणि प्रत्येक पाऊल टाकताना मागच्या शिरांवर ताण येतो. अशा वेळी एका बैठकीत सगळे कापून खूर सरळ करण्याचा मोह अननुभवी हाताला होतो. परंतु शिरा, सांधे आणि हाडे त्या वाकड्या ठेवणीला सरावलेली असतात, म्हणून क्ष-किरण चित्र पाहून, दर काही आठवड्यांनी थोडे थोडे उतरवत मूळ आकार परत आणावा लागतो.

देहापेक्षा मनाची दुरुस्ती अधिक अनिश्चित असते. न फिरवल्याने घोडा अडतो हे मराठी कोड्यातून लहान मुलांनाही ठाऊक असते, पण अगाडी-पिछाडीच्या दोरांनी महिनोन्महिने जखडलेला घोडा अडतोच असे नाही. तो पुष्कळदा विलक्षण शांत दिसतो, आणि या शांतपणाला गरीब स्वभाव समजण्याची चूक होते. प्रतिकाराचा काही उपयोग नाही हे अनुभवाने शिकलेले जनावर प्रतिकार सोडून देते. खाणेपिणे सुधारून अंगात बळ आले की आठ-दहा आठवड्यांनी तेच जनावर चावू लागते, लाथा झाडू लागते, आणि ‘बरे झाल्यावर माजला’ अशी तक्रार ऐकू येते. जाणकार मोतद्दार या काळाकडे सुधारणेचे लक्षण म्हणून पाहतो. तो खरारा करताना रोज त्याच वेळी, त्याच बाजूने, बोलत बोलत जवळ जातो, कारण घोड्याला डोळ्यांच्या ठेवणीमुळे जवळजवळ सगळीकडचे दिसत असले तरी अगदी कपाळासमोरचे आणि थेट पाठीमागचे दिसत नाही, आणि न दिसलेल्या हाताचीच त्याला सर्वांत जास्त धास्ती असते. घोडा कळपाने राहणारा प्राणी असल्यामुळे दुसऱ्या घोड्याची सोबत या कामी माणसापेक्षा लवकर उपयोगी पडते.

संघटितपणे केलेल्या अश्वरक्षणाच्या इतिहासात इजिप्तमधील कैरो शहराचे स्थान मोठे आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे तेथेच विकून टाकले होते. १९३० मध्ये तेथे आलेल्या डॉरोथी ब्रूक या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीला ते घोडे, आता म्हातारे, आंधळे, लंगडे होऊन, गाड्या ओढताना दिसले. १९३१ मध्ये तिने ‘मॉर्निंग पोस्ट’ या लंडनच्या दैनिकात पत्र लिहून मदत मागितली, जमलेल्या पैशांतून पुढील काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले, आणि १९३४ मध्ये कैरोत त्यांच्यासाठी रुग्णालय स्थापन केले, ज्यातून पुढे आज भारतासह अनेक देशांत काम करणारी ब्रूक ही संस्था वाढली. या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग असा की त्या पाच हजारांपैकी बहुसंख्य घोड्यांना काही दिवस खाऊपिऊ घालून, विसावा देऊन, मग शांतपणे मारण्यात आले, कारण त्यांच्या वेदना दूर होण्यापलीकडच्या होत्या. प्रत्येक सुटका जगण्याकडे नेईल ही अपेक्षा भाबडी आहे. मुंबईत त्याआधीच, १८७४ मध्ये, प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था निघाली होती आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे त्याच प्रयत्नाचे फळ होय. ट्रॅम घोडेच ओढत असलेल्या त्या शहरात घोडा हा अशा संस्थेचा साहजिकच मोठा विषय होता.

कायद्याचा विचार थोडक्यात करता येईल, कारण कायदा तपशीलवार आहे पण दंड नाममात्र. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा अधिक ओझे लादण्यास, दिवसात नऊ तासांहून अधिक काम करवून घेण्यास आणि काटेरी लगाम वापरण्यास मनाई केली आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात घोड्याची एका दिवसाची वैरणही येत नाही. त्या मानाने २०१७ चे नियम अधिक उपयोगाचे आहेत, कारण खटला चालू असताना जनावर पांजरपोळ किंवा तत्सम संस्थेकडे ठेवता येते आणि त्याच्या पोषणाचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो.

मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांच्या प्रकरणात या प्रश्नाची दुसरी बाजूही पुढे आली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्या बंद करण्यासाठी वर्षभराची मुदत दिली, आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास शासनाला सांगितले. म्हणजे घोड्याच्या सुटकेचा विचार घोड्यापाशी थांबू शकत नाही, हे न्यायालयानेही गृहीत धरले होते. पुढे २०२१ मध्ये शहरात विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया आल्या त्या याच वाटेने. ज्या मालकाच्या हातून घोडा काढून घेतला त्याचे पोट दुसऱ्या कशावर भरले नाही, तर तो वर्षभरात बाजारातून आणखी स्वस्त, आणखी म्हातारा घोडा आणतो, हा साधा हिशेब आहे. म्हणून अनेक संस्था आता जप्तीइतकाच भर घोडेवाल्यांच्या वस्तीवर जाऊन खूर छाटणे, खोगिराखाली जाड गादी घालायला शिकवणे आणि जखमांवर जागेवरच उपचार करणे यांवर देतात. त्यात छायाचित्र काढण्यासारखे काही घडत नाही, आणि देणग्या मात्र छायाचित्रांवर येतात.

जे घोडे आश्रयस्थानात येतात त्यांपैकी काही तेथेच अखेरपर्यंत राहतात, आणि जे बरे होतात त्यांना करारपत्र करून, पुन्हा विकायचे नाही व तपासणीला नकार द्यायचा नाही या अटींवर, नवीन घरी दिले जाते. असा घोडा नव्या तबेल्यात उभा असताना त्याचे अंग भरलेले, कातडी चकाकती आणि आयाळ वाढलेली असते. त्याच्या उपासमारीची खूण तोवर एकाच जागी शिल्लक असते. त्या महिन्यांत खुराची वाढ खुंटलेली असल्यामुळे कवचावर एक आडवी खोलगट रेघ उमटलेली असते, ती नवीन खुराबरोबर दर महिन्याला बोटाच्या पेराहूनही कमी अंतराने खाली सरकत जाते, आणि साधारण वर्षभराने जमिनीपाशी पोचल्यावर नालबंदाच्या कानशीखाली उतरते.